बार्बेरियन घेताय? विस्डम सांभाळा
सात रस्त्याजवळ मित्राच्या गच्चीवर आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून, आपापलं पात्र घेऊन खेळायचा कथेचा खेळ) डाव असतो, नवीन आलेला प्रत्येकजण बार्बेरियनच (रांगडा लढवय्या) घेतो बे! २०१४च्या नियमात रेज (त्याचा लढाईतला संताप) चालू केलं की तलवार, भाला, गदा, सगळ्याचा आपल्याला बसणारा मार निम्मा, म्हणून लई भारी वाटतं. पण विस्डम सेव्ह (मनावरच्या जादूपासून वाचायला टाकायचा फासा) कच्चा. परवा समोरच्यानं होल्ड पर्सन (माणसाला जखडणारा मंत्र) टाकलं, माझा गडी जागच्या जागी पुतळा, जवळून बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल (जबर, जास्तीचा मार देणारा), आणि हातातली कडक भाकरी-शेंगाचटणी तशीच राहिली. म्हणून चौथ्या लेव्हलला ताकद वाढवायच्या नादात न पडता रेझिलियंट फीट (सेव्ह पक्का करणारं खास कौशल्य) विस्डमसाठी घ्या, आणि पार्टीत सहाव्या लेव्हलचा पॅलाडिन (देवाधर्माचा योद्धा) असेल तर त्याच्यापासून १० फुटांच्या आतच राहा, त्याच्या जवळ सेव्हला बळ मिळतं. उडणाऱ्या शत्रूंसाठी फेकायचे चार भाले जवळ ठेवा, ६० फुटांवर कुऱ्हाड काय कामाची?