माळरानावर वसलेला माणूस पुढे आमदार झाला, त्याचं खरं चरित्र कसं शोधायचं

अमेरिकेत मिनेसोटा, कॅन्सस, नेब्रास्काकडे १८५०-६० च्या सुमाराला वसायला आलेला आणि नंतर राज्याच्या विधिमंडळात गेलेला माणूस, त्याच्यावर लिहायला बसलं की पहिल्यांदा हात जातो तो जुन्या काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) इतिहासाच्या जाडजूड ग्रंथाकडे. ते ग्रंथ बरेचदा आगाऊ वर्गणी गोळा करून छापलेले, म्हणून त्यातला जो तो कष्टाळू नि दानशूर. वाचा, पण सगळ्यात शेवटी वाचा.

सुरुवात जमिनीपासून करा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात वसायला येणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथे राहून, जमीन कसून, मग तसं सिद्ध करावं लागायचं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्राच्या जमीन खात्याच्या साइटवर राज्य आणि नाव टाकलं की पेटंट, म्हणजे मालकीची सनद, फुकट दिसते, त्यावरचे नंबर नीट उतरवून घ्या कारण त्यावरूनच नॅशनल आर्काइव्ह्ज या केंद्राच्या दप्तरखान्याकडून पूर्ण फाइल मागवता येते, आणि खरा माणूस भेटतो तो त्या फाइलीत! घर केवढं, किती एकर नांगरली, कुटुंबात कोण कोण, दोन साक्षीदारांचे जबाब, परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदसुद्धा. त्याने जमीन रोख पैसे देऊन घेतली असेल तर मात्र फाइल अगदी पातळ निघते.

मग सेन्सस. १८८० ची शेतीची वेगळी यादी असते, गहू किती, जनावरं किती, ती सोडू नका. १८९० चा सेन्सस १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळा गेला, पण मिनेसोटात राज्याने स्वतः केलेली १८८५ आणि १८९५ ची मोजणी आहे, तिथून ती फट भरते.

आता आमदारकी. मिनेसोटा राज्य झालं मे १८५८ मध्ये, पण राज्याचं पहिलं विधिमंडळ ऑक्टोबर १८५७ मध्येच निवडलं गेलं आणि त्या डिसेंबरात बसलंही; त्याआधी निवडून आलेला माणूस टेरिटरीच्या, म्हणजे राज्य होण्याआधीच्या केंद्रशासित प्रदेशाच्या, विधिमंडळातला, ही गल्लत फार जण करतात. मिनेसोटा विधिमंडळाच्या लेजिस्लेटिव्ह रेफरन्स लायब्ररीच्या ऑनलाइन यादीत नाव, मतदारसंघ, वर्षं मिळतात, पण तेवढ्यावर थांबू नका, सभागृहाचं जर्नल, म्हणजे कामकाजाची छापील नोंद, उघडा, बिलं कुठली आणली, मत कुठे दिलं ते बघा. १८७३ ते ७७ टोळधाडीने तिथली पिकं खाल्ली, त्या वर्षांत तो सभागृहात असेल तर बुडालेल्या शेतकऱ्यांच्या मदतीवर त्याने काय मत दिलं हे मला तरी त्याच्या कुठल्याही फोटोपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि एक गोष्ट कृपा करून गाळू नका. दक्षिण मिनेसोटातली ही जमीन डकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती, १८५१ च्या करारांनी ती त्यांच्या हातून गेली, तेव्हा "ओसाड माळ" असं लिहायच्या आधी त्याच्या तुकड्याचा सेक्शन नंबर (सरकारी मोजणीतल्या चौरस तुकड्याचा क्रमांक) त्या करारांच्या नकाशावर ठेवून बघा.

वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत, शोधताना आडनावाची तीन-चार स्पेलिंगं टाका आणि निवडणुकीच्या महिन्यात विरोधी पक्षाचा पेपर नक्की वाचा.