वॉटर्लूला नव्याने आलात? भाजी कुठून घ्यायची ते सांगते

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या किचनर-वॉटर्लूला येणाऱ्या आपल्या मंडळींची पहिली तक्रार थंडीची नसते, भाजीची असते. देशी दुकानातली भेंडी जून, मेथी इथवर पोचेपर्यंत पिवळी, आणि सुपरमार्केटातला टोमॅटो नुसता दिसायला लाल. गंमत अशी की हे सगळं ऐकवणारा माणूस राहतो कुठे, तर जिथून गाडी काढली की पंधरा-वीस मिनिटांत चांगल्या जमिनीचा शेतीपट्टा लागतो तिथे. वूलविच, वेलस्ली, विल्मट ही नावं लक्षात ठेवा. शहराला लागूनच असलेल्या या ग्रामीण टाउनशिप्स, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे भाग, आहेत आणि तुमच्या स्वयंपाकघराचा निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

सगळे पाहुण्यांना नेतात तिथूनच सुरुवात करू : सेंट जेकब्जचा बाजार. गुरुवारी आणि शनिवारी बारा महिने भरतो, उन्हाळ्यात मंगळवारीही. २०१३ साली त्याची मुख्य इमारत आगीत जळाली, २०१५ मध्ये नवी उभी राहिली. गाडी नसली तर वॉटर्लूच्या कॉनेस्टोगा स्टेशनवरून एल्मिरा गावाकडे जाणारी बस धरा, मात्र तिच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा, फेऱ्या कमी असतात. शनिवारी सकाळी लवकर जा. अकरानंतर तिथे जत्रा असते आणि भाजी घ्यायला आलेल्या माणसाला चालायला जागा उरत नाही.

आता मुद्द्याचं. त्या बाजारातला प्रत्येक गाळेवाला शेतकरी नसतो. बरेच जण टोरंटोच्या ऑन्टारियो फूड टर्मिनलवरून, म्हणजे तिथल्या घाऊक मंडईतून, माल उचलून आणतात. त्यात फसवणूक काही नाही, कांदे-बटाटे-लिंबं मीही त्यांच्याकडूनच घेते, स्वस्त पडतात. फक्त ‘बाजारातून आणलं म्हणजे शेतातलं’ हा समज सोडा. ओळखायचं कसं? टोमॅटोच्या शेजारी अननस आणि अवोकाडो मांडलेले असले तर तो व्यापारी. फळाला चिकटवलेला छोटा स्टिकर असला तर व्यापारी. मेच्या सुरुवातीला टोपलीभर स्ट्रॉबेरी दिसल्या तर त्या इथल्या मळ्यातल्या नव्हेत. ज्याच्याकडे चारच जिन्नस आहेत, त्यातल्या दोनांना माती लागलेली आहे आणि पुढच्या आठवड्यात त्यातला एक संपणार आहे, त्याच्याकडे थांबा. सरळ विचारा, हे तुमच्याच शेतातलं का? कोणी रागावत नाही. उलट खरा शेतकरी या प्रश्नाने खुलतो आणि बी कधी टाकलं इथपासून सांगायला लागतो.

बाजाराची सवय झाली की बाजार सोडून पुढे जा. माझ्या मते खरी खरेदी रस्त्याकडेच्या फाटकांवर आहे. या भागात मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या, शेतकऱ्यांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातून इथे आले. त्यांच्यातली जुन्या वळणाची कुटुंबं आजही घोडागाडीने फिरतात. एल्मिरा, वॉलेनस्टाइन, हॉक्सव्हिल या बाजूच्या आडरस्त्यांवरून सावकाश गेलात की दारादारांत हाताने रंगवलेल्या पाट्या दिसतील : अंडी, बटाटे, मध, मेपल सिरप. आणि खाली हमखास एक ओळ, रविवारी विक्री नाही. ती ओळ गांभीर्याने घ्या, रविवारी कोणाचं दार वाजवू नका. पैसे रोख लागतात, तेही सुटे. कित्येक ठिकाणी टेबलावर माल आणि शेजारी पैशांची पेटी एवढंच असतं, माणूस नसतो. घासाघीस करू नका, भाव आधीच वाजवी असतो. फोटो काढू नका, त्यांना ते आवडत नाही. पोरांना आधी समजावून ठेवा, नाहीतर मोबाइल बाहेर निघतोच. आणि घोडागाडी समोर असली की वेग कमी करून, बरंच अंतर ठेवून पुढे जा. मागच्या नारिंगी त्रिकोणाचा अर्थ तोच आहे.

काय कधी मिळतं हे कळलं की इथला उन्हाळा पुरत नाही असं वाटायला लागतं. मेमध्ये रुबार्ब येतो, लालसर आंबट दांडे. आपल्या लोकांना त्याचं काय करायचं कळत नाही म्हणून सांगते, कैरीच्या जागी घाला. रुबार्बचा मेथांबा फक्कड होतो, डाळीतही चालतो. पानं मात्र टाकून द्यायची, ती विषारी असतात. जूनमध्ये लसणाचे कोवळे वळणदार दांडे येतात, दोन आठवड्यांचाच खेळ. खोबरं, मिरची घालून त्यांची चटणी वाटा. याच सुमाराला स्ट्रॉबेरीचे मळे उघडतात, आपण तोडून आपण वजन करून आणायच्या. जुलैत नवलकोल पानांसकट मिळतो. इथल्या जर्मन वळणाच्या स्वयंपाकात तो आहेच, त्यामुळे शोधावा लागत नाही. बिटाची पानं कापून टाकू नका असं गाळेवालीला सांगितलंत तर ती खूश होऊन शेजारच्या गिऱ्हाइकाचीही देईल.

शेपूची गोष्ट वेगळी. इथे तो काकडीच्या लोणच्यासाठी लागतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये फुलोऱ्यासकट, काठीएवढ्या जाड देठांच्या जुड्या दिसतात. त्या भाजीच्या कामाच्या नाहीत. शेतकऱ्याला सांगून ठेवा की फुलं धरण्याआधीचा कोवळा हवा, पुढच्या खेपेला मिळतो. ऐन उन्हाळ्यात शेतांच्या कडेला घोळ आणि चाकवत माजलेले असतात. इथे त्यांना तण म्हणतात आणि उपटून फेकतात. सेंद्रिय शेती करणाऱ्याकडे विचारलंत तर पिशवीभर फुकट मिळू शकतं. फवारणीच्या शेतातून मात्र कधीच घेऊ नका.

जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत मक्याची कणसं. ज्या दिवशी तोडली त्याच दिवशी खा, गोडी तासातासाने उतरते. मक्याचा कीस करायचा तर हिरवी मिरची दुप्पट घाला, इथला मका भलताच गोड असतो. रस्त्याकडेला मैलोन्‌मैल दिसतो तो मका बहुतेक जनावरांच्या चाऱ्याचा, त्याला हात लावू नका. ऑगस्टमध्ये नायगाराकडचे पीच येतात आणि टोमॅटोचा पूर लोटतो. तेव्हा डाग पडलेले, वेडेवाकडे टोमॅटो मागा. ‘सेकंड्स’ म्हणून निम्म्याच्या आसपास किमतीत खोकंभर मिळतात आणि शिजवून गोठवून ठेवले की मार्चपर्यंत आमटीची चिंता नाही. आपली भेंडी आणि छोटी वांगी ऑन्टारियोत पिकतात, व्हाइनलँडच्या फळ-भाजी संशोधन केंद्राने त्यावर कामही केलंय, पण हंगाम म्हणाल तर ऑगस्ट-सप्टेंबर एवढाच.

ऑक्टोबरात लाल भोपळ्याच्या नावाखाली हॅलोवीनचा कोरायचा भोपळा उचलू नका. तो पाणचट निघतो आणि घारगे बिघडतात. बटरनट किंवा बटरकप जातीचा भोपळा घ्या.

काही गोष्टींत इथला कायदा आडवा येतो, ते आधीच कळलेलं बरं. कच्चं दूध विकायला ऑन्टारियोत बंदी आहे. १९३८ सालापासून दूध पाश्चराइज करूनच विकावं लागतं. तेव्हा शेतकऱ्याकडे धारोष्ण दूध किंवा खरवसाचा चीक मागू नका. त्याला नाही म्हणताना अवघडल्यासारखं होतं आणि दिला तर तो अडचणीत येतो. अंड्यांचं वेगळं. ९९ पर्यंत कोंबड्या पाळणाऱ्याला कोटा, म्हणजे अंडी-उत्पादनाचा ठरवून दिलेला हक्क, लागत नाही आणि तो प्रतवारी न केलेली अंडी आपल्या फाटकावर विकू शकतो, बाजारात मात्र नाही. म्हणून ती अंडी हवी असतील तर त्याच्या दारातच जावं लागतं. मटणाचं म्हणाल तर बोकड पाळणारे बरेच आहेत, पण विकायचं मांस परवाना आणि तपासणी असलेल्या कत्तलखान्यातूनच यायला लागतं. शेतकऱ्याशी बोलून अर्धा बोकड ठरवायचा, कापणी-पॅकिंग कत्तलखाना करतो, दोन कुटुंबांनी वाटून घ्यायचा. ईदच्या आसपास आधी नंबर लावा.

एल्मिराजवळ भाजीपाल्याचा लिलाव चालतो. २००३ च्या ‘मॅड काऊ’ संकटात गुरांच्या धंद्याला फटका बसल्यावर इथल्या शेतकऱ्यांनी भाजीकडे वळायला २००४ मध्ये सहकारी तत्त्वावर तो सुरू केला. माल मोठ्या वाट्यांनी निघतो, एका घराला परवडत नाही. पण गणपतीच्या महाप्रसादाला कोबी-फ्लॉवर लागणार असेल, किंवा चार-पाच घरं मिळून घेणार असाल, तर एकदा जरूर जा. लिलाव पुकारणाऱ्याची भाषा पहिला अर्धा तास कळत नाही. गप्प उभं राहून बघा आणि हात उगाच वर करू नका.

सीएसएबद्दल बरेच जण विचारतात. म्हणजे हंगामाआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला पेटी घ्यायची. कल्पना उत्तम, शेतकऱ्याला बियाण्याच्या वेळी पैसा हातात मिळतो. पण पहिल्या वर्षी घेऊ नका असं माझं मत. पेटीत काय यायचं ते शेत ठरवतं, आणि केल नावाची जाड पानांची भाजी सलग पाच आठवडे आली की घरात भांडणं होतात. दुसऱ्या वर्षी अर्धा वाटा घ्या, शेजाऱ्याबरोबर.

हिवाळ्यात फाटकावरच्या पाट्या बऱ्याचशा उतरतात. बटाटे, गाजर, बीट, कोबी, कांदे, सफरचंदं मात्र साठवणीतून मिळत राहतात. ऑक्टोबर-अखेर एक-एक गोणी घेऊन तळघराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. गॅरेजमध्ये नको, तिथे जानेवारीत गोठतात. आणि बटाटे सफरचंदांपासून लांब ठेवा, नाहीतर लवकर कोंब फुटतात.

फेब्रुवारी सरता सरता, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडं ऊन असं सुरू झालं, की मेपलच्या झाडांना नळ्या लागतात. साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर सिरप होतं. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काकवी खाल्लेल्या माणसाला तो धूर आणि तो वास नवा नाही. एल्मिराला १९६५ पासून त्याचा उत्सव होतो, गर्दी सोसत असेल तर जा. नाहीतर आधीच्या आठवड्यात एखाद्या शेतावर जाऊन थेट घ्या. फिकट सोनेरी सगळे भेट म्हणून नेतात. पोळीशी खायला गडद प्रतीचं मागा, आणि चार लिटरचा डबाच घ्या. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचा.