गावातून फायली पाठवायच्या, तर कोणतं क्लाउड घ्यायचं?

पोरगी पुण्यात, शेताची कागदं यवतमाळकडच्या घरी, अन् नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायची जागा, निवडायला बसलात, तर जीबी मोजायच्या आधी हा हिशेब करा.

आधी समोरच्याला विचारा, त्याच्या फोनात काय आहे. ॲन्ड्रॉइडवर बहुधा गूगल ड्राइव्ह असतंच. १५ जीबी फुकट, पण त्यातच जीमेल आणि जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये ठेवलेले फोटोही मोजले जातात, त्यामुळे ते कधी भरलं ते कळत नाही. वनड्राइव्ह ५ जीबी देतं, ड्रॉपबॉक्स २. मेगा २० देतं, पण पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर खातं उघडायची किल्ली) जपली नसेल, तर फायली गेल्याच समजा. आमच्या घरी म्हणूनच ते नको म्हटलं.

मग ५० एमबीची एखादी फाइल चढवून पाहा. २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) वेग असेल तर साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. याच वेगानं १ जीबीला तासाहून जास्त. लग्नाचा अख्खा व्हिडिओ असेल तर सरळ पेनड्राइव्ह द्या.

खरी गोम शेअर करताना आहे. लिंक असलेल्या कुणालाही उघडू द्यायचं, की ठरावीक ईमेललाच, हे आपणच निवडायचं असतं. आमच्या भाच्यानं पहिला पर्याय ठेवून पासबुकाची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी व्याह्यांचा फोन आला, "बापू, तुमचं पासबुक आलं ना आमच्याकडं!" सातबारा, पासबुक, आधार असलं काही असेल तर फक्त ईमेल टाकून द्या, तेही नुसतं पाहण्यापुरतं. काम झालं की परवानगी काढून घ्या.

दहावीची मार्कशीट, लायसन्स यांसाठी डिजिलॉकर हे सरकारी ॲप बघा. सरकारी खात्यानं तिथं जारी केलेली कागदं मूळ प्रतीसारखीच कायद्यानं मान्य आहेत. आपण स्कॅन करून टाकलेली मात्र नाहीत.

शेवटी क्लाउडच्या खात्याला चालू मोबाइल नंबर जोडा. आपल्याकडं रिचार्ज संपला की सिमच बदलतात, अन् पासवर्ड विसरल्यावर ओटीपी जुन्या नंबरावर जातो. गूगल खातं २ वर्षं उघडलंच नाही, तर गूगल ते पुसूही शकतं. आबांच्या नावाचं खातं असेल, तर दिवाळीला घरी आलेल्या पोरानं ते एकदा उघडून बघावं.