प्रोबेशनची भेट सहीपुरती ठेवू नका

१९५८ च्या प्रोबेशन कायद्यातल्या कलम ४ खाली कोर्ट दोषी ठरलेल्या माणसाला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे लेखी हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडतं. तुमच्या, म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या, देखरेखीचा हुकूम झाला तर ती देखरेख किमान वर्षभराची. हा वेळ नुसत्या हजेरीत गेला तर माणूस होता तिथेच राहतो.

आधी तो पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, ते ठरवा: वय, जुने गुन्हे, संगत, नशा, रोजगार, घर, आणि झाल्या गुन्ह्याबद्दल तो काय बोलतो. धोका, गरज आणि प्रतिसाद (जास्त धोक्याच्या माणसाला जास्त वेळ, गुन्ह्याकडे नेणाऱ्या गरजांवर काम, आणि त्याला पेलेल अशी पद्धत) हे सूत्र १९९० मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी मांडलं. ते इथेही कामाचं आहे. मात्र धोका मोजणाऱ्या परदेशी प्रश्नावलीतले गुणांचे टप्पे जसेच्या तसे लावू नका, ते तिथल्या लोकांवरून बेतलेत. कमी धोक्याच्या माणसाला सारखं बोलावणं अंगाशी येतं. त्याची नोकरी बुडते आणि बाकावर शेजारी सराईत बसलेला असतो.

तो वेळ जास्त धोक्याच्या मुलाला द्या. भेटीत एकच प्रसंग घ्या. समजा मुलगा गोवंडीचा, शनिवारी पगार झाला आणि संध्याकाळी जुन्या दोस्ताचा फोन आला. ‘नाही गेलो तर फाटली म्हणतील’ हा त्याच्या मनातला विचार त्याच्याच शब्दांत कागदावर लिहा. मग त्याला खरंच बोलता येईल असं उत्तर शोधा: ‘माझा बॉण्ड चालू आहे, सकाळी कामावर जायचंय, मी येत नाही.’ आता दोस्त तुम्ही व्हा आणि दर वेळी आग्रह वाढवत तीनदा बोलवून घ्या. तो लाजेल, हसेल. तरी करून घ्या. ‘वाईट संगत सोड’ या उपदेशाने ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. जाताना पुढच्या भेटीपर्यंतचं एकच काम द्या आणि केलं असेल तर नेमकं काय चांगलं केलं ते सांगा.

नाक्यावर उभं राहणाऱ्याला सकाळी अकराची वेळ दिली की दिवसाची मजुरी गेली. हजेरी चुकण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. वेळ बदला, आदल्या संध्याकाळी फोन करा. तरी चुकली तर दोन दिवसांत विचारणा करा. कोर्टाला कधी कळवणार हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. गृहभेटीला गेलात तर चाळीच्या गॅलरीत ‘कोर्टाकडून आलोय’ म्हणू नका, त्याची भाड्याची खोली जाईल.

पॅरोलवरच्या कैद्याचं वेगळं. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, कैद्याला मिळणारी तात्पुरती सुट्टी; मुदत संपली की परत तुरुंगात. म्हणून तो तुरुंगातून निघण्याआधीच झोपणार कुठे, पोलीस ठाण्यात हजेरी कधी आणि परतीच्या दिवशी सोबत कोण येणार, हे घरच्यांसमोर ठरवून घ्या.