गंजलेल्या बोल्टवर पाना सटकतो: माझा अनुभव

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत, त्यात गोव्याचा पावसाळा सरला की, गाडीच्या ब्रेक कॅलिपरचा (चाकाच्या डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, पॅड दाबणारा भाग) १४ मिमीचा बोल्ट हलता हलत नाही. पाना सटकतो, डोक्याचे कोपरे गोल होतात. डिझेल ओतलं, पान्याला पाइप लावला, नुसता वैताग. दोष गोटीचा (सॉकेट, पान्याच्या टोकाची बोल्टच्या डोक्यावर बसणारी वाटी) होता. १२ कोनी गोटी कोपऱ्यांपाशी धरते, ६ कोनी सपाट बाजूंवर. क्रोम व्हॅनेडियम पोलादाची ६ कोनीच घ्या.

आधी तारेच्या ब्रशने गंज काढा. गंज सोडवणारं तेल आट्यांपाशी मारून रात्रभर ठेवा. डिस्कवर थेंबही नको. डोक्यावर हातोडीचे हलके ठोके. गोटी पूर्ण खाली बसवा, डुलली तर माप चुकलं. मग लांब दांड्याने किंचित घट्ट करा, ‘कट्’ आवाज आला की उलट फिरवून सैल करा. रॅचेट (एकाच दिशेने पकडणारा दातेरी दांडा) इथे नको, त्याचे दाते तुटतात.