सिलिकॉनचं सोवळं

प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवण्याची, साडेचार वर्षांची पदवी आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी घेऊन मी कुडाळला कामाला लागले. पाय, कॅलिपर जमत होते. सिलिकॉनचं बोट मात्र कधी केलं नव्हतं. पहिलं आलं ते मालवणच्या एका खलाशाचं. विंचच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरात तर्जनी गेलेली. जून-जुलैची मासेमारी बंदी, म्हणून त्यांना सवड.

माप घेतलं, मेणाचं बोट कोरलं, प्लास्टरचा साचा केला, मेण उकळून काढलं, सिलिकॉन भरलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर बोट वितळलेल्या गुळासारखं चिकट.

"मॅडम, ह्यां अजून सुकला नाय?"

मी आणखी दोन दिवस ठेवलं. फुकट. दोष माझ्या लॅटेक्सच्या हातमोज्यांचा होता. प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला गंधक चालत नाही, प्लॅटिनमच निकामी होतं. लॅटेक्समध्ये गंधक असतं, कोरकामाच्या काही मातींतही असतं. कथिलावर घट्ट होणाऱ्या सिलिकॉनची वाटीसुद्धा इथे बाटलेलीच. आजीचं सोवळं परवडलं! हातमोजे व्हिनाइलचे किंवा गंधक नसलेल्या नायट्रिलचे घ्या, वाट्या वेगळ्या ठेवा, आणि नवीन काहीही वापरण्याआधी त्यावर सिलिकॉनचा एक थेंब टाकून रात्रभर वाट बघा.

दुसऱ्या खेपेच्या बोटावर देवीच्या वणांसारखे खड्डे. साचा ओला होता. कोकणातल्या जुलैत फळीवर ठेवलेलं प्लास्टर वाळतच नाही, आणि ओव्हनमध्ये त्यातलं पाणी वाफ होऊन सिलिकॉनमध्ये घुसतं. आता ४५ अंशांच्या आसपास साचा वाळवते आणि मधूनमधून वजन करते. वजन उतरायचं थांबलं की वाळला. फार तापवलात तर प्लास्टर भुसभुशीत होतं.

मिश्रणातली हवा काढायला व्हॅक्यूम लागतो. त्यात सिलिकॉन चार-पाच पट फुगून वर येतं, मग बसतं. भांडं पाचव्या भागापेक्षा जास्त भरू नका. मी भरलं होतं. अर्धा दिवस चेंबर पुसण्यात गेला. दहास एक प्रमाणात मिसळायचं सिलिकॉन मोजताना पंखा बंद करा, काटा हलतो.

बोट खुंटावर टिकतं ते हवेच्या ओढीवर, म्हणून ते घट्ट बसावं यासाठी उरलेल्या खुंटाचा साचा किंचित तासून बारीक करतात. हे एकदा हाताला कळलं की कळलं.

रंगाचं तसं नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग पडवीत आल्यावर परका दिसतो. मी त्या खलाशांना पडवीत बसवून पातळ थरांनी रंग जुळवला: पेरांवर तांबूस तपकिरी, तळव्याकडे फिका, नखाखाली गुलाबी, शिरांसाठी निळे-लाल बारीक तंतू. स्वतःवर बेहद्द खूश होते.

दिवाळीनंतर ते परत आले. तीन महिने दर्यावर होते. हात टेबलावर ठेवून म्हणाले, "बोट मुंबयचां नि हात मालवणचो."

बंदीत घरी बसून हाताचा रंग उतरला होता, त्यावर मी माप धरलं होतं. वरून एक गडद थर चढवून दिला. तो झिजतो, त्यामुळे दर वर्षी ते येतात. येताना बांगडे आणतात.