कटिंगसाठी भांग आणि सेक्शन कसे पाडावेत

एक बाजू जाड राहिली, मागे पायरी पडली, टॉप एका अंगाला झुकला, की शिकाऊ कारागीर आधी कात्रीला दोष देतो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. सेक्शन, म्हणजे भांग पाडून वेगळा केलेला केसांचा भाग, वाकडा पडलेला असतो आणि कात्रीने तोच वाकडेपणा इमानेइतबारे केसांत उतरवलेला असतो. म्हणून भांग केसांकडे बघून अंदाजाने ओढू नये. खालचं हाड कुठे वळतं आणि केस कोणत्या दिशेने उगवतात, या दोन गोष्टींवरून त्याची जागा शोधावी.

साहित्य थोडंच लागतं. अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असलेला 18-19 सेंटीमीटरचा कटिंगचा कंगवा, एक शेपटीचा (निमुळत्या दांडीचा) कंगवा, सहा-आठ क्लिपा आणि पाण्याचा स्प्रे. शिकताना शेपटी प्लास्टिकची बरी. धातूच्या शेपटीने रेघ बारीक निघते खरी, पण दाब जरा जास्त झाला की टाळूवर ओरखडा उठतो आणि गिऱ्हाईक मान आखडून घेतं. मान आखडली की पुढची रेघ सरळ येत नाही.

केस ओलसर हवेत, ठिबकते नकोत. फार ओले केस टाळूला चिकटून गठ्ठ्याने फिरतात. अर्धवट वाळलेले केस रेघेवरून उडून पलीकडे जातात. शिवाय ओला केस ताणला की लांब होतो आणि वाळल्यावर आखडतो. एक सेक्शन ओला आणि शेजारचा कोरडा असताना कापलात, तर मापं जुळूनही लांबी जुळणार नाही. प्रत्येक सेक्शन सोडताना हलका स्प्रे मारायची सवय लावून घ्या. भांग पाडण्यापूर्वी केस टोकापासून सुरुवात करून मुळापर्यंत पूर्ण विंचरा. गुंता राहिला तर शेपटी तिथे अडते आणि रेघ बाजूला सरकते.

आधी डोकं वाचा

गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय पायपट्टीवर हवेत. पायावर पाय टाकून बसलेल्या माणसाची कंबर एका बाजूला कलते, तिच्यामागोमाग खांदे कलतात आणि डोकंही थोडं झुकतं. मोबाइल बघायला मान खाली गेली तर मागचे सगळे सेक्शन चुकतात. तेवढा वेळ फोन बाजूला ठेवायला सांगायला संकोच करू नका.

आता कंगव्याने खुणा शोधा. कानाच्या वरच्या बाजूला कंगवा उभा, सपाट टेकवा. खालून तो डोक्याला चिकटून राहील आणि वर एका ठिकाणी डोकं आत वळून कंगव्यापासून सुटेल. सुटण्याची ती जागा म्हणजे डोक्याचा सगळ्यात रुंद भाग. साइड इथे संपते आणि टॉप इथे सुरू होतो. तीन-चार ठिकाणी कंगवा टेकवून हीच जागा पुढून मागेपर्यंत बोटाने तपासत न्या. नंतर कंगवा माथ्यावर आडवा ठेवा. जिथे तो टेकतो तो डोक्याचा सर्वांत उंच बिंदू. मागे, कवटीच्या खालच्या भागात हाताला उंचवटा लागतो. त्याच्या खाली कवटी आत जाते, त्यामुळे तिथले केस उंचवट्यावरच्या केसांपेक्षा वेगळे पडतात. फेड किंवा टेपर (खाली बारीक आणि वर हळूहळू लांब होत जाणारा कट) किती वर न्यायचा हे ठरवताना या उंचवट्याचा फार उपयोग होतो.

कान आणि केशरेषा, या दोन गोष्टींवर विसंबून मात्र रेघ काढू नका. बऱ्याच जणांचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. कपाळावरच्या केसांचं टोकही अनेकदा मधोमध नसतं. मधली रेघ धरायची ती पुढे नाकाच्या सरळ रेषेत आणि मागे मानेच्या मुळाशी हाताला लागणाऱ्या मणक्याच्या रेषेत.

शेवटची खूण म्हणजे भोवरा. बहुतेकांचा भोवरा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. काहींचा उलटा असतो आणि काहींना दोन भोवरे असतात. भोवऱ्याच्या मधून सेक्शनची रेघ कधीही नेऊ नका. तिथले केस चहूबाजूंनी फुटतात, त्यामुळे अर्धे वर आणि अर्धे खाली जातात आणि कापल्यावर तिथे शेंडीसारखा पुंजका उभा राहतो. भोवरा पूर्ण टॉपमध्ये घ्या किंवा पूर्ण खाली सोडा. आखूड कटिंगमध्ये तो टॉपमध्ये घेतलेला सोयीचा, कारण तिथे थोडी जास्त लांबी ठेवून तो वजनाने बसवता येतो.

शेपटी कशी धरायची

कंगवा अंगठा आणि मधल्या बोटात धरा, तर्जनी शेपटीच्या मुळावर ठेवा. शेपटी टाळूवर उभी टोचायची नाही. ती जवळजवळ आडवी झोपवून, टोक टाळूला टेकवून एकाच ओढीत न्यायची. दुसऱ्या हाताचा तळवा डोक्यावर सपाट ठेवा. त्याने डोकंही स्थिर राहतं आणि केसही दबून राहतात. ओढताना नजर शेपटीच्या टोकावर न ठेवता रेघ जिथे संपायची आहे तिथे ठेवा. शेपटी मध्येच टाळूवरून उचलली गेली की रेघ तुटते आणि पुन्हा टेकवताना एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतेच. नागमोडी भांगाचं हे सर्वांत मोठं कारण.

रेघ ओढून झाली की शेपटी तशीच आत ठेवून वरचे केस उचला आणि दुसऱ्या हाताने धरा. कंगवा फिरवून दाताने खालचे केस खाली आणि वरचे वर विंचरून घ्या. आता टाळूची पांढरी रेघ स्वच्छ दिसली पाहिजे. तिच्यावर आडवे गेलेले चार केस असतील तर ते आताच योग्य बाजूला सारा. तुमच्या दृष्टीने ते चार केस असतात, पण कापून झाल्यावर लांब राहून तेच आधी दिसतात.

रेघ लांब असेल तर तिचे दोन तुकडे करा. एका कानापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंत एकाच दमात जायचा मोह होतो आणि पलीकडे पोहोचेपर्यंत रेघ पुढे किंवा मागे सरकलेली असते. माथ्यावरच्या बिंदूपासून आधी एका कानामागे उतरा, मग परत माथ्यावर येऊन दुसऱ्या बाजूला उतरा. मागे उभं राहून आरशात बघितलं की दोन्ही उतार सारखे आहेत का ते लगेच कळतं.

मोठे सेक्शन

लांब केसांसाठी चार भाग पुरतात. नाकाच्या रेषेतून माथ्यावर आणि तिथून मानेपर्यंत एक रेघ, आणि वर सांगितलेली कानापासून कानापर्यंतची दुसरी. प्रत्येक भाग विंचरून, पीळ देऊन मुळाशी क्लिप लावा.

पुरुषांच्या कटिंगमध्ये जास्त काम पडतं ते नालाच्या आकाराच्या सेक्शनचं, आणि नवशिक्यांचे सगळ्यात जास्त हाल हाच करतो. कपाळाच्या एका कोपऱ्यातून, म्हणजे केशरेषा जिथे मागे वळते तिथून, सुरुवात करा. मघाशी शोधलेल्या रुंद भागावरून रेघ मागे न्या आणि भोवऱ्याच्या साधारण बोटभर मागे थांबा. दुसऱ्या कोपऱ्यातून तसेच या. दोन्ही रेघा मागे गोलाईने मिळवा, कोन करू नका. आतला सगळा केस टॉप, बाहेरचा साइड आणि बॅक.

इथे तीन चुका ठरलेल्या. रेघ वर चढली तर साइडला जास्त केस येतात. मशीन वरपर्यंत जातं, टॉप अरुंद होतो आणि डोकं टोकदार दिसतं. रेघ खाली उतरली तर कानावर केसांचा छज्जा राहतो आणि कितीही ब्लेंड केलं, म्हणजे आखूड-लांब केस एकमेकांत मिसळवले, तरी तो जात नाही. तिसरी चूक म्हणजे एक बाजू वर आणि दुसरी खाली. डावखुरा किंवा उजवा, प्रत्येकाच्या हाताला एक बाजू सोपी आणि दुसरी अवघड पडते, त्यामुळे हे होतंच. तपासायला दोन्ही बाजूंना मधल्या रेषेपासून सेक्शनपर्यंतचं अंतर कंगव्यावर अंगठ्याने धरून मोजा. पुढे कपाळाशी, मध्ये कानाच्या रेषेत आणि मागे भोवऱ्याजवळ. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर रेघ पुसून पुन्हा काढा. ही दोन मिनिटं पुढे ब्लेंड करताना वाचतात.

टॉपचे केस 5 सेंटीमीटरपेक्षा आखूड असतील तर त्यांना पीळ बसत नाही. ते रेघेपासून आतल्या बाजूला विंचरून सपाट क्लिप लावा. क्लिप रेघेवर बसली तर खालचे केस ओढून वर घेते, म्हणून ती बोटभर आत हवी. केस वाळेपर्यंत क्लिप तशीच राहिली तर वण पडतो. ड्रायर लावायच्या आधी ती काढून तिथे पाणी मारा.

बारीक सेक्शन

मोठ्या भागातून कापायला घ्यायच्या पट्ट्या 1 ते 1.5 सेंटीमीटर जाडीच्या असाव्यात. विरळ केसांत 2 चालतात. नेमकी कसोटी अशी की नव्या पट्टीतून आधी कापलेला गाईड, म्हणजे लांबीचं माप ठरवणारी पट्टी, दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पट्टी जाड आहे. मग तुम्ही अंदाजाने कापता आणि पायऱ्या पडतात. बोटात धरलेली पट्टी दुसऱ्या पेरापर्यंतच कापा. त्यापुढे बोटांची पकड ढिली होते आणि ताण सारखा राहत नाही.

पट्टीची दिशा लागणाऱ्या आकारावरून ठरवायची. आडवे सेक्शन एकावर एक बसतात आणि कडेला भार येतो. उभे सेक्शन भार काढतात, म्हणून साइडला कात्रीने लेअर (कमीजास्त लांबीचे थर) देताना ते बरे. तिरके सेक्शन केसांना पुढे किंवा मागे वळवतात. भोवऱ्याभोवती मात्र समांतर पट्ट्या चालत नाहीत. तिथे पिझ्झाच्या तुकड्यासारखे, भोवऱ्याशी निमुळते आणि बाहेर 1.5 सेंटीमीटर रुंद असे घ्या आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही फिरत राहा.

हे फिरणं कंटाळ्याने टाळलं जातं. पट्टी रेघेशी काटकोनात उचलायची आणि आपण तिच्यासमोर उभं राहायचं. एका जागी उभं राहून सगळ्या पट्ट्या आपल्याकडे ओढल्या तर जितकी पट्टी लांबून येते तितकी ती लांब राहते. पुढे लांबी राखायची असेल तेव्हा केस मुद्दाम मागे ओढून हेच करतात, पण ते ठरवून केलेलं असतं.

मूळचा भांग

बाजूला भांग पाडायचा असेल तर तो कुठे बसतो हे केसांनाच विचारा. ओले केस कपाळापासून सरळ मागे विंचरा. तळवा भोवऱ्याजवळ सपाट ठेवून केस हळूच पुढे ढकला. ते जिथे आपोआप दुभंगतात तिथे मूळचा भांग. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्यामुळे माथ्यावरचे केस साधारणपणे गिऱ्हाइकाच्या उजवीकडे झुकतात आणि भांग डावीकडे बसतो. उलट्या बाजूला पाडता येतो, पण तो रोज ड्रायरने आणि जेलने बसवावा लागेल हे आधीच सांगा. गिऱ्हाईक फोटो दाखवत असेल तर बाजू विचारून घ्या. सेल्फीत डावं-उजवं बरेचदा उलटलेलं असतं.

कुठून काढायचा हे ठरत नसेल तर भुवईच्या कमानीच्या सर्वांत उंच ठिकाणापासून सरळ मागे जा. कडेला, कानशिलाच्या जवळ नेलेला भांग टॉप जड करतो आणि विरळ केस आणखी विरळ दाखवतो.

कुरळ्या केसांत शेपटी अडते आणि वाळताना रेघ बुजते. अशा केसांना थोडं कंडिशनर लावून बोटांनी आधी ढोबळ भाग करा, मग तो भाग ताणून धरून शेपटीने रेघ साफ करा. घट्ट कुरळ्या केसांत क्लिपा जास्त लागतात, पट्ट्याही लहान घ्याव्या लागतात.

ट्रिमरने कोरलेली भांगाची रेघ मूळच्या भांगावरच घ्यावी. आधी शेपटीने काढा, आरशात दाखवा, होकार मिळाला की ट्रिमरच्या कोपऱ्याने छोट्या छोट्या टप्प्यांत 2 ते 3 मिलिमीटर रुंदीची कोरा. डोकं जिथे मागे उतरायला लागतं तिथे थांबा, भोवऱ्यात शिरू नका. विरळ केसांत ही रेघ टक्कल पडल्यासारखी रुंद दिसते, तिथे नाही म्हणावं. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात. चार-पाच दिवसांत रेघेत खुंट दिसायला लागतात आणि शेजारचे केस 5 सेंटीमीटरचे असतील तर त्यांची बरोबरी करायला पाचेक महिने जातात. हे ट्रिमर लावण्यापूर्वी सांगायचं.